देहाचे दफ्तर: कुंभकोणम्चे टोपी माकड आणि त्याचा मीलनधर्म

कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या बेचक्यात वसलेल्या कुंभकोणम् नगरीत देवळांची दाटी इतकी आहे की, महामहमच्या तलावावर स्नान आटोपून निघालेला यात्रेकरू कुंभेश्वर, शार्ङ्गपाणी, चक्रपाणी अशी एकेक दर्शने उरकीत रामस्वामीच्या देवळाशी येईपर्यंत बहुधा थकून गेलेला असतो. तंजावरच्या रघुनाथ नायकाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आपला विद्वान प्रधान गोविंद दीक्षित याच्या देखरेखीखाली बांधविलेल्या या देवळाच्या प्राकारभिंतींवर रामकथा चित्ररूपाने उलगडलेली असून, गाभाऱ्यात पट्टाभिषेकाच्या थाटात बसलेल्या राम-सीतेच्या सन्निध हाती वीणा घेतलेला मारुती आहे. भिंतीवरच्या कथेत वाली आणि सुग्रीव रुमा व तारा यांच्यापायी जिवावर उठलेले, आणि गाभाऱ्यात ज्याला स्त्रीसंगाचा स्पर्शही झाला नाही असा ब्रह्मचारी कपिश्रेष्ठ; म्हणजे वानरजातीच्या कामव्यवहाराविषयीच्या दोन टोकांच्या कल्पना या एका छपराखाली निर्वेधपणे नांदत आल्या आहेत.

तिसरी कल्पनाही याच गावाच्या द्वारे आधुनिक जगासमोर आली. १८८० साली येथील सरकारी कॉलेजात तमिळचे अध्यापक म्हणून रुजू झालेले उ. वे. स्वामिनाथ अय्यर, गावचे मुन्सफ सेलम रामस्वामी मुदलियार यांनी विचारलेल्या एका प्रश्नाने अस्वस्थ होऊन जुन्या तमिळ पोथ्यांच्या शोधास लागले, आणि पुढे साऱ्या जन्मात त्यांनी विस्मृतीत गेलेले प्राचीन तमिळ वाङ्मय ताडपत्रांतून उकरून काढले. त्यांनी १९३७ साली टीकेसह प्रसिद्ध केलेल्या ‘कुरुंतोगै’ या संग्रहात एक माकडीण आहे: नर मेल्यावर वैधव्य न सोसून ती आपले अजाण पोर आप्तांच्या स्वाधीन करते आणि डोंगरकड्यावरून स्वतःस लोटून देते. देवळाने माकडास ब्रह्मचारी केले, काव्याने त्याच्या मादीस पतिव्रता केले. स्वतः माकडाचा जबाब मात्र कोणी घेतला नव्हता. आणि तो घेण्याची वेळ आली तेव्हा असे दिसून आले की, त्या मुक्या प्राण्याने आपल्या मीलनधर्माची कैफियत स्वतःच्या देहातच, एखाद्या जुन्या सरकारी दफ्तराप्रमाणे, रुमाल बांधून जपून ठेवलेली आहे. हे दफ्तर कोणी सोडले, त्यातून काय निघाले, आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर त्यात शोधू नये, याचा हा वृत्तान्त आहे.

मराठी वाचकास हा विषय परमुलखाचा वाटण्याचे कारण नाही. व्यंकोजी भोसले यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतल्यापासून १७९९ साली राज्यकारभार कंपनी सरकारकडे जाईपर्यंत कुंभकोणम् हे मराठी राज्यातले गाव होते; ती गादी इंग्रजांनी १८५५ साली खालसा केली. देशस्थ कारभारी, कारकून, पुराणिक आणि हरदास यांची घराणी कावेरीकाठी स्थायिक झाली, आणि सर टी. माधवराव यांच्यासारखा मुत्सद्दी १८२८ साली याच गावी जन्मला. समर्थसंप्रदायाचे भीमस्वामी यांचा मठ तंजावरास होता, तर प्रतापसिंह महाराजांनी तेथे मारुतीचे देऊळ बांधविले. या स्थलांतरात भाषा, अन्न, पेहराव असे पुष्कळ काही पालटले. पालटले नाही ते माकड. तापी-गोदावरीच्या दक्षिणेचे सारे द्वीपकल्प हा टोपी माकडाचा परंपरागत मुलूख होय, आणि सह्याद्रीच्या घाटात ज्याने वाटसरूंच्या शिदोऱ्या लुटल्या तेच माकड कावेरीच्या मुखप्रदेशातही मराठी माणसाला सामोरे आले.

या राजघराण्यातील सर्वांत जिज्ञासू पुरुष म्हणजे दुसरे सरफोजी महाराज. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेल्यावर या राजाने आपले सारे चित्त ग्रंथसंग्रह, वैद्यक आणि पाश्चात्य शास्त्रे यांकडे वळविले. त्याच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रां याची ती प्रसिद्ध चित्रे पाहावयास मिळतात, ज्यांत मनुष्याचा चेहरा आणि पशूचा चेहरा शेजारी शेजारी मांडून एकाचा स्वभाव दुसऱ्यावरून ताडण्याचा प्रयत्न केलेला आहे. शरीराच्या घडणीवरून वर्तन वाचता येते, ही समजूत त्या चित्रांच्या मुळाशी आहे. ती समजूत चेहऱ्याच्या बाबतीत फोल ठरली. ज्या अवयवांकडे ल ब्रांच्या काळच्या सभ्य चित्रकाराने पाहिले नसते, त्यांच्या बाबतीत मात्र ती, पुष्कळशा मर्यादांसह, खरी निघाली.

आता प्रत्यक्ष प्राण्याकडे वळू. टोपी माकडाच्या माथ्याच्या मध्यभागी केसांचा एक भोवरा असतो, आणि त्यातून लांब केस चोहोंकडे किरणांसारखे पसरून आखूड केसांच्या कपाळावर एखादी घट्ट न बसलेली टोपी ठेवावी तसे दिसतात. शेपूट धड-डोक्याच्या एकत्रित लांबीहून अधिक. नर मादीपेक्षा बराच थोराड. १८१२ साली जॉफ्रवा सें-इलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय नामकरण केले, तरी सिंहलद्वीपातल्या त्याच्या भाऊबंदाशी त्याची गल्लत पुढे शंभर वर्षे चालूच राहिली. तो घोळ निस्तरण्याचे श्रेय मुख्यतः रेजिनाल्ड पोकॉक यांचे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ साली त्यांनी या दोन जातींची छाननी केली आणि दक्षिण टोकाकडील, फिकट पोटाच्या माकडांस एक निराळी उपजात ठरविली. पुदुच्चेरीपासून दक्षिणेस पसरलेल्या याच उपजातीच्या मुलखात कुंभकोणम् येते.

परंतु पोकॉक यांचा आपल्या विषयाशी खरा संबंध त्याआधी दहा वर्षांचा आहे. माकडांच्या जाती केसांच्या रंगावरून आणि शेपटीच्या लांबीवरून ठरविण्याची वहिवाट असताना, १९२१ साली त्यांनी एक लहानसा निबंध लिहून असे दाखविले की, नराच्या शिश्नाग्राचा आकार ही जातिनिर्णयाची अधिक भरवशाची खूण आहे. कातडे हवामानाप्रमाणे गडद वा फिकट होते. हा अवयव मात्र आपल्या वंशाची ओळख सहसा सोडीत नाही. शिकागोचे जॅक फूडन यांनी पुढे हेच सूत्र धरून माकाक वंशातील सगळ्या माकडांची गटवारी केली. त्या गटवारीत टोपी माकड, सिंहली माकड, आसामी माकड आणि तिबेटी माकड हे चौघे, एकमेकांपासून शेकडो कोस दूर राहत असूनही, एका गटात आले. कारण चौघांचेही शिश्नाग्र टोकाशी निमुळते आणि बाणाच्या फाळासारखे आहे. याउलट, आपल्या टोपी माकडाचा शेजारी असलेला पश्चिम घाटातला सिंहपुच्छ माकड बोथट अग्राच्या निराळ्याच गटात गेला. शेजार एक आणि कूळ दुसरे, असा हा निकाल देहाच्या दफ्तराने दिला.

आकारात भेद का असावा, हा प्रश्न त्याहून जुना. कीटकांच्या जननांगांची विलक्षण विविधता पाहून लेऑं द्युफूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४४ साली असे सुचविले होते की, नराचा अवयव केवळ स्वजातीच्या मादीस जुळावा अशी ही निसर्गाची तजवीज आहे. हे मत वानरवर्गास तंतोतंत लागू पडत नाही, तरी त्याचा एक ठळक दाखला फूडन यांनीच १९६७ साली पुढे आणला: आसाम-ब्रह्मदेशाकडील आखूडशेपट्या माकडाच्या नराचे शिश्नाग्र असाधारण लांब आणि भाल्याच्या पात्यासारखे आहे, तर त्याच्या मादीच्या योनिमुखाशी त्या आकारास अनुरूप असा एक मांसल उंचवटा आहे. नर आणि मादी यांच्या अवयवांची घडण एकमेकांच्या धोरणाने चालते, हे त्यावरून उघड झाले. डार्विनने १८७१ साली लैंगिक निवडीचा सिद्धान्त मांडला तेव्हा रंग, आयाळ, सुळे अशा बाह्य अलंकारांवर भर देऊन प्रत्यक्ष जननेंद्रिये त्या निवडीच्या कक्षेबाहेर ठेवली होती. विल्यम एबरहार्ड यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात ती मर्यादा ओलांडली. नराची स्पर्धा आणि मादीची पसंती समागमापाशी संपत नाही, मादीच्या शरीरातही ती चालू राहते आणि तेथे अवयवाची घडण निर्णायक ठरू शकते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ॲलन डिक्सन यांनी वानरवर्गाची तुलना करून त्यास पुष्टी दिली: ज्या जातींत मादी अनेक नरांशी रत होते, त्यांत नराच्या अवयवाची लांबी, गुंतागुंत आणि शिश्नास्थी नामक हाड ही सामान्यतः अधिक वाढलेली आढळतात.

याच दफ्तरातला सर्वांत बोलका कागद म्हणजे वृषणांचे वजन. आडोल्फ शुल्ट्झ या शरीररचनाशास्त्रज्ञाने १९३८ साली निरनिराळ्या वानरांच्या वृषणांची वजने शरीराच्या वजनाशी ताडून प्रसिद्ध केली. आकडे विचित्र होते. सुमारे १७० किलोच्या गोरिलाचे दोन्ही वृषण मिळून अवघे ३० ग्रॅम, तर ४५ किलोच्या चिंपांझीचे १२० ग्रॅम! या विसंगतीचा अर्थ लागण्यास आणखी चाळीस वर्षे जावी लागली. १९७० साली जेफ्री पार्कर यांनी कीटकांच्या अभ्यासातून असा विचार मांडला की, एकाच मादीत एकाहून अधिक नरांचे रेत पडते तेव्हा शुक्रजंतूंमध्येही स्पर्धा होते, आणि अशा स्पर्धेत ज्याचे शुक्रजंतू अधिक त्याची पितृत्वाची शक्यता अधिक. १९८१ साली हारकोर्ट, हार्वे, लार्सन आणि शॉर्ट या चौघांनी ३३ जातींच्या वानरांस ही कसोटी लावली. एकच नर अनेक माद्यांवर अधिकार गाजवितो तेथे, म्हणजे गोरिलांत, शत्रूला शक्तीने आधीच हाकलले असल्यामुळे वृषण लहान राहतात; अनेक नर आणि अनेक माद्या एका टोळीत राहून एकमेकांशी रत होतात तेथे, म्हणजे चिंपांझीत आणि माकाक वंशात, ते शरीराच्या मानाने मोठे असतात. मनुष्य सुमारे ४० ग्रॅमांनिशी या दोहोंच्या मध्ये कुठे तरी, गोरिलाच्या अंगाला अधिक झुकून, उभा आहे.

टोपी माकडाच्या टोळीत या अनुमानास प्रत्यक्षाची साक्ष मिळते. अमेरिकन अभ्यासक पॉल सायमंड्स यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात या माकडांचे निरीक्षण केले, आणि त्याच दशकात बंगळूरचे रहमान व पार्थसारथी यांनी त्यांच्या समाजजीवनावर निबंध लिहिले. टोळीत प्रौढ नर अनेक असतात, आणि ते उत्तरेकडच्या ऱ्हीसस माकडांपेक्षा परस्परांशी पुष्कळच सलोख्याने वागतात; एकमेकांस मिठी मारणे, केस विंचरल्याप्रमाणे चाचपून उवा काढणे, प्रौढ वयातही खेळणे, हे सारे त्यांच्यात चालते. सिंहपुच्छ माकडिणीच्या पार्श्वभागी ऋतुकाळाची जाहिरात करणारी सूज येते, तशी या मादीस येत नाही. म्हणून नर चौकशी करतो: तो मागून येतो, शेपूट बाजूस सारतो, योनीस बोट लावून ते हुंगतो, आणि कित्येकदा काही न करता निघून जातो. ती अनुकूल असेल तर तो तिच्या पोटऱ्या पायांनी पकडून, कमरेवर हात टेकून आरूढ होतो. ऱ्हीसस नर एकाच समागमासाठी पुनःपुन्हा आरूढ होत असता टोपी माकडाचा कार्यभाग सामान्यतः एकाच आरोहणात, काही क्षणांत आटोपतो. तोच नर दुसऱ्या माद्यांकडे आणि तीच मादी दुसऱ्या नरांकडे जाते. बाप कोण, हे टोळीत कोणासही ठाऊक नसते. अधिक काळ पहारा करून मादी राखणे जेथे साधत नाही, तेथे विपुल रेत हाच नराचा पहारा. मीलनाचा मुख्य काळ पावसाळ्याच्या उतारापासून पुढे, म्हणजे कावेरीवर तुलास्नानाची गर्दी असते त्या सुमारास येतो. साडेपाच महिन्यांच्या गर्भधारणेनंतर पोरे जन्मतात ती मासी-पंगुनी या तमिळ महिन्यांच्या आगेमागे.

या सलोख्याची किंमत कळावयास मराठी मुलखाच्या सीमेवर जावे लागते. धारवाडच्या परिसरात १९६१ ते १९६३ या काळात युकिमारु सुगियामा या जपानी संशोधकाने काळतोंड्या वानरांच्या टोळ्या न्याहाळल्या. तेथे टोळीत बहुधा एकच प्रौढ नर. बाहेरचे नर संधी साधून त्याला हुसकून लावीत, आणि नवा धनी जुन्याची अंगावर पिणारी पोरे मारून टाकी, म्हणजे त्यांच्या आया लवकर ऋतुमती होत. जगाला हा प्रकार प्रथम इतक्या तपशिलाने धारवाडहून कळला. एकाच दक्षिणेत, अनेकदा एकाच वडाच्या झाडावर, दोन प्राणी दोन निराळ्या दंडकांनी राहतात: वानराची स्पर्धा सुळ्यांनी आणि टोळीच्या सीमेवर, माकडाची स्पर्धा पुष्कळशी शुक्रजंतूंनी आणि मादीच्या उदरात.

येथवरच्या पुराव्याने वाचकाची अशी समजूत होण्याचा संभव आहे की, अवयव पाहिला म्हणजे आचार कळलाच. तशी घाई करू नये. अनिंद्य सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली बंडीपूर-मुदुमलैच्या जंगलातील टोपी माकडांची जी हकीकत प्रसिद्ध केली, तीत एकच प्रौढ नर असलेल्या लहान टोळ्या आढळल्या. पर्यटकांनी रस्त्याकडेला टाकलेल्या अन्नावर पोसलेल्या या टोळ्यांतले नर माद्यांना कळपासारखे हाकून ठेवतात आणि परक्या नरास जवळ येऊ देत नाहीत. अनेकनरी म्हणून ज्याची ख्याती, त्याच प्राण्याने परिस्थिती पालटताच आचार पालटला. शिश्नाग्राचा आकार आणि वृषणांचे वजन मात्र काही पिढ्यांत पालटत नसते. देहाच्या दफ्तरातले कागद खरे, पण ते पूर्वजांच्या दीर्घ काळच्या वहिवाटीचे. आजच्या कारभाराचा हिशेब त्यांवरून मांडावयाचा तर टोळीमागे हिंडून तो पडताळून घ्यावाच लागतो. आणि जे माकडास लागू, ते मनुष्यास शतपट लागू. कुंभकोणम्लाच जन्मलेल्या, पुढे इंदूरची दिवाणगिरी केलेल्या मराठी रघुनाथरावांनी विधवाविवाहाचा पक्ष घेतला तो धर्मशास्त्रांचा आधार दाखवून आणि करुणेच्या बळावर. कड्यावरून उडी घेणाऱ्या काव्यातल्या माकडिणीने त्यांचा पक्ष दुबळा होत नव्हता आणि अनेक नरांस वरणाऱ्या रानातल्या माकडिणीने तो सबळही झाला नसता. मनुष्याचे विवाहधर्म ठरविण्याच्या कामी वानराच्या देहाला साक्षीस बोलावू नये. तो त्या खटल्यातला साक्षीदारच नव्हे.

वैद्यकाच्या कामी मात्र या माकडाने मनुष्यावर थोर उपकार केले आहेत. त्याच्या मादीचे ऋतुचक्र मनुष्यस्त्रीप्रमाणेच सुमारे २८ दिवसांचे असल्यामुळे, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एन. आर. मुद्गल आणि त्यांच्या शिष्यांनी प्रजननाच्या अंतःस्रावांचा जो दीर्घ अभ्यास केला तो टोपी माकडांवर, आणि पुरुषांसाठी संततिनियमनाची लस शोधण्याचे प्रयोगही त्यांच्यावरच. मुंबईत परळ येथे १९७० साली स्थापन झालेल्या प्रजनन संशोधन संस्थेतही या माकडांचा उपयोग झाला.

आज या प्राण्याची स्थिती चांगली नाही. ऱ्हीसस माकड गोदावरी ओलांडून दक्षिणेकडे सरकत आहे, त्याच्या वाटेवरील टोपी माकडांचा मुलूख आक्रसत आहे, रस्ते रुंद करताना जुने वड आणि चिंचा जात आहेत, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने या जातीचा समावेश धोक्याच्या वर्गात केला आहे. देवळाच्या दारी केळी आणि घाटातल्या वळणावर बिस्किटांचे पुडे फेकणारा प्रवासी पुण्य जोडल्याच्या समाधानात असतो. प्रत्यक्षात तो माकडांना रस्त्यावर खेचतो, गाडीखाली घालतो, आणि बंडीपूरने दाखविल्याप्रमाणे त्यांची शतकानुशतकांची समाजघडीही विस्कटतो. दक्षिणेच्या यात्रेस जाणाऱ्या मराठी वाचकाने टोपी माकडास अवश्य पाहावे, सवड काढून पाहावे. परंतु खाण्यास काही देऊ नये.